रचना आणि चालन : ‘डेव्हऑप्स’ ह्या व्यवसायनामाचा इतिहास व खानदेशातील पदवीधर

१

संगणकशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार उभा राहताना दिसतो. ‘डेव्हऑप्स’ ह्या नावाने ओळखले जाणारे काम आयुष्याचा व्यवसाय म्हणून पत्करावे किंवा नाही, हा तो प्रश्न होय. जळगाव आणि धुळे ह्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास तो अधिक निकडीने विचारावा लागतो. ह्या कामाच्या जागा प्रायः पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांत असतात. आणि तेथे राहण्याचा व पदवीवर आणखी एखादा अल्पमुदतीचा शिक्षणक्रम पुरा करण्याचा खर्च त्याच्या कुटुंबास नोकरी मिळण्यापूर्वीच सोसावा लागतो. निवड चुकली तर फी तर जातेच, शिवाय उमेदवारीची दोन-तीन वर्षे जातात आणि ती परत मिळत नाहीत.

ह्या प्रश्नाची उत्तरे सामान्यतः वेतनाचे आकडे पुढे करून दिली जातात. असे आकडे मागणीबरोबर चढतात व उतरतात. त्यांवरून पुढील तीस वर्षांचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. एखाद्या व्यवसायाचे आयुष्य किती हे अजमावयाचे असेल, तर तो कोणत्या गरजेतून उत्पन्न झाला, त्याच्यासारखे पूर्वीचे व्यवसाय कोणते, त्यांपैकी कोणते टिकले व कोणते लयास गेले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. शिवाय प्रस्तुत व्यवसायाचे नाव हेच एक बोलके साधन आहे. ते कसे घडले आणि अल्पावधीत त्याचा अर्थ कसा पालटला, हा विषय भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. आणि ह्या अर्थपालटातच विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञा आरंभीच ठरवून घेऊ. आज्ञावली लिहिणे, तीत सुधारणा करणे, नवे गुण घालणे ह्या सर्वांस ‘रचना’ म्हणू. तयार झालेली आज्ञावली यंत्रावर चढविणे, ती अहोरात्र चालती ठेवणे, बिघाड शोधणे व दूर करणे ह्या सर्वांस ‘चालन’ म्हणू. ही कामे करणारे अनुक्रमे रचनाकार व चालक होत.

२

संगणकाच्या आरंभकाळात ही दोन कामे एकमेकांपासून फार लवकर विभक्त झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला. त्याची प्राथमिक प्रतिकृती १९५६ मध्ये सिद्ध झाली आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामास लागले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सी. डी. सी. ३६०० हे मोठे यंत्र आले. यंत्र एक आणि त्याचा वापर करू इच्छिणारे संशोधक अनेक, अशी त्या काळी सर्वत्रच स्थिती होती. यंत्राचा प्रत्येक तास मोलाचा असे. साहजिकच आज्ञावली लिहिणाऱ्याने आपला पत्त्यांचा गठ्ठा खिडकीवर द्यावा आणि आतील चालकाने तो यंत्रास घालून उत्तर बाहेर पाठवावे, अशी रीत पडली. ह्या रीतीत अन्याय्य असे काही नव्हते. दुर्मिळ साधनाच्या वापरासाठी ती आवश्यकच होती.

पुढे यंत्रे स्वस्त झाली, परंतु खिडकी तशीच राहिली. मोठ्या कंपन्यांत रचनेचा व चालनाचा विभाग वेगळा, त्यांचे अधिकारी वेगळे, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या यशाची मापे वेगळी. रचनाकाराचे यश त्याने किती नवे बदल केले ह्यावर मोजले जाई. चालकाचे यश सेवा किती कमी वेळा बंद पडली ह्यावर. बदल केला की बिघाडाची शक्यता येते, हे उघड आहे. म्हणून रचनाकार बदल लवकर स्वीकारले जावेत ह्यासाठी धडपडे आणि चालक ते लांबणीवर टाकण्याचा प्रयत्न करी. दोघेही आपापल्या कर्तव्यास जागत होते, आणि त्यामुळेच त्यांचा कलह मिटण्यासारखा नव्हता.

महाजालावरील सेवांनी ही घडी विसकटली. पूर्वी आज्ञावली वर्षादोन वर्षांनी नव्या आवृत्तीत निघे. आता ती रोज बदलू लागली आणि ग्राहक तर चोवीस तास दारात उभा. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगेल्स ह्यांनी एका मुलाखतीत आपल्या कंपनीचा दंडक सांगितला: सेवा जे घडवितात त्यांनीच ती चालवावी. २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथील परिषदेत जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड ह्या दोघांनी ‘फ्लिकर’ ह्या छायाचित्रसेवेत दिवसातून दहा वा अधिक वेळा बदल चढविले जातात, हे सप्रयोग मांडले. ह्यांपैकी एक चालनाचा प्रमुख होता व दुसरा रचनेचा. दोघे एका व्यासपीठावरून बोलले ह्यालाच विशेष अर्थ होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीस बेल्जियममधील गेन्ट शहरात पॅट्रिक देब्वा ह्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र बोलावून सभा भरविली आणि तिला ‘डेव्हऑप्सडेज’ असे नाव दिले. सभेचे नाव चर्चेत लांब वाटू लागल्याने ‘डेज’ गळून पडले आणि ‘डेव्हऑप्स’ उरले.

३

आता ह्या नावाची घडण पाहू. ‘डेव्हलपमेंट’ आणि ‘ऑपरेशन्स’ ह्या दोन शब्दांचे आद्य तुकडे जोडून ते बनले आहे. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत हा इतरेतर द्वंद्व होय: दोन्ही पदे प्रधान, विग्रह ‘आणि’ने. ‘ने-आण’, ‘देवघेव’, ‘जमाखर्च’ हे ह्याच जातीचे शब्द आहेत. द्वंद्वाचा विशेष असा की त्यातून दोन गोष्टींमधील संबंध सूचित होतो. तिसरी वस्तू निर्माण होत नाही. देब्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच अभिप्रेत होते. रचनाकाराने चालनाची काळजी वाहावी, चालकाने रचनेची रीत शिकावी, आणि मधली खिडकी नाहीशी व्हावी.

तथापि थोड्याच वर्षांत नोकरीच्या जाहिरातींत ‘डेव्हऑप्स इंजिनीअर’ हा शब्दप्रयोग सर्रास दिसू लागला. व्याकरणदृष्ट्या येथे मोठा पालट झाला आहे. द्वंद्व आता स्वतंत्र राहिलेला नाही; तो एका तत्पुरुषाचे पूर्वपद झाला आहे, आणि प्राधान्य ‘इंजिनीअर’ ह्या उत्तरपदाकडे गेले आहे. असे झाले म्हणजे काय घडते, हे आपल्या जुन्या कचेऱ्यांतील ‘जमाखर्च’ ह्या शब्दावरून चांगले कळते. जमा आणि खर्च ह्या दोन क्रिया. परंतु जमाखर्चाचा कारकून स्वतः जमाही करीत नाही व खर्चही करीत नाही. तो दोहोंच्या मध्ये बसून वही लिहितो. त्याचप्रमाणे कित्येक कंपन्यांत डेव्हऑप्सच्या पदावरील मनुष्य आज्ञावली घडवीत नाही, सेवेच्या वर्तनाविषयी निर्णयही घेत नाही. रचनाकाराकडून आलेला बदल यंत्रापर्यंत नेणारी स्वयंचलित वाट तेवढी तो बांधतो व राखतो. म्हणजे खिडकी मोडण्यासाठी काढलेले नाव खिडकीत बसणाऱ्या नव्या कारकुनास मिळाले.

ह्याचा अर्थ हे काम हलके आहे असा नव्हे. बदलांची नोंद ठेवणारे भांडार, त्यांची आपोआप होणारी चाचणी, आज्ञावली व तिची सर्व सामग्री एकत्र बांधणारे ‘कंटेनर’, अशा शेकडो कंटेनरांची व्यवस्था पाहणारी ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली, यंत्रांची मांडणी लेखी आज्ञांनी ठरविणारी साधने, आणि चालू सेवेच्या नाडीवर बोट ठेवणारी देखरेख, ह्या सर्वांची जुळणी करणे हे कौशल्याचेच काम आहे. मुद्दा एवढाच की एकाच नावाखाली आज दोन भिन्न व्यवसाय नांदत आहेत. एकात द्वंद्व जिवंत आहे, दुसऱ्यात ते केवळ पाटीवर उरले आहे. ह्या दोहोंचे भवितव्य एक असण्याचे कारण नाही.

४

रचना व चालन एकत्र असावे की वेगळे, हा प्रश्न संगणकाने प्रथम उपस्थित केलेला नाही. मोठी आणि अनेकांच्या उपयोगाची कोणतीही व्यवस्था घ्या, तेथे तो येतो. खानदेशात त्याचे उत्तम उदाहरण पाण्याच्या व्यवस्थेत सापडते.

धुळे जिल्ह्यातून वाहणाऱ्या पांझरेवर, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम ह्या नद्यांवर काही शतके चालत आलेली ‘फड’ पद्धती सुप्रसिद्ध आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालील जमिनीचे ‘फड’ नावाचे, बहुधा चार, भाग. एका फडात एका हंगामी एकच पीक. पिकांची फेरपालट फडाफडांतून ठरावीक क्रमाने. नदीस पाणी किती आहे ते पाहून त्या वर्षी कोणते फड भिजवावयाचे हे लाभधारक एकत्र बसून ठरवीत. पाटातून पाणी सुरळीत वाहील हे पाहणारा पाटकरी, प्रत्यक्ष शेतास पाणी देणारा बारेकरी, पिकाची राखण करणारा जागल्या आणि ह्या सर्वांवर देखरेख करणारा हवालदार, हे त्या व्यवस्थेचे सेवक होत. पाटाचा गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी हेही लाभधारकांच्याच अंगावर असे. बंधारा मूळ कोणी बांधला हा प्रश्न कालांतराने मागे पडला. तो चालवितो कोण आणि फुटला तर सावरतो कोण, हा प्रश्न दर वर्षी नवा होता व त्याचे उत्तर एकच होते.

येथे ‘पाटकरी’ ह्या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. शेतकरी, गावकरी, वारकरी ह्यांप्रमाणेच ह्यातील ‘-करी’ हे पद मनुष्याचा ज्या गोष्टीशी नित्याचा संबंध, तिच्यावरून त्याला नाव देते. पाटकऱ्याचे नाव फावड्यावरून पडलेले नाही. हातातील अवजार बदलले तरी तो पाटकरीच राहतो, कारण पाट त्याच्याकडे असतो. पाट कोठे झिरपतो, कोणत्या वळणावर गाळ साचतो, हे त्याला ठाऊक असते. म्हणून दुरुस्ती कोठे करावी हे सांगण्याचा अधिकार त्याच्या कामातच येतो.

१८१८ नंतर खानदेशात इंग्रजी अंमल आला. पुढे १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमाने शासकीय कालव्यांचा कारभार कालवा-अधिकाऱ्यांच्या हाती दिला. ‘पाटबंधारे’ हा शब्ददेखील द्वंद्वच आहे: बांधलेला बंधारा आणि वाहता पाट. खात्याच्या नावात द्वंद्व राहिले. व्यवहारात मात्र बांधणारा अभियंता निराळा, पाणी सोडणारा कालवा निरीक्षक निराळा आणि पाणी घेणारा शेतकरी तर खात्याच्या बाहेरच, अशी वाटणी झाली. ह्या वाटणीने मोठी धरणे व लांब कालवे शक्य झाले, हे नाकारता येणार नाही. गावपातळीवरील फडाला ते साधले नसते. परंतु कालव्याच्या शेपटाकडील शेतास पाणी न पोहोचणे, चाऱ्या नादुरुस्त राहणे, ही दुखणी वाढली, आणि अखेर शासनानेच २००५ मध्ये महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम करून चालनाची जबाबदारी पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याचा मार्ग धरला. रचना व चालन ह्यांची फारकत व्यवस्था मोठी करताना होते, आणि व्यवस्था टिकविताना ती पुन्हा सांधावी लागते, हा ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय. १८७९ ते २००५ ह्या १२६ वर्षांत पाटबंधाऱ्यांनी जे वळण घेतले, तेच संगणकाने १९६० ते २००९ ह्या अर्धशतकात घेतलेले दिसते.

५

व्यवसाय टिकतो केव्हा व मावळतो केव्हा, ह्याचा निर्णय करण्यासाठी आणखी दोन उदाहरणे पाहू. पहिले तारेचे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारी तार १८५४ च्या सुमारास इंदूरमार्गे पुरी झाली आणि १८५५ पासून तारसेवा सर्वसामान्य जनतेस खुली झाली. ‘तारबाबू’ हा प्रतिष्ठित व्यवसाय त्यातून निर्माण झाला. मोर्सचे खटके कानाने ऐकून अक्षरे उतरविण्याची कला हस्तगत करण्यास फार अभ्यास लागे. पुढे दूरमुद्रक आला आणि ह्या कलेचे मोल गेले. आणि १५ जुलै २०१३ पासून भारतातील तारसेवाच बंद झाली. तारबाबूचे नाव साधनावरून पडले होते व त्याचे कौशल्यही साधनातच साठलेले होते. निरोप विश्वासाने पोहोचविण्याची गरज तर शतपटीने वाढली. परंतु ती भागविणारे लोक दुसऱ्या वाटेने आले.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. आय. बी. एम. कंपनीने १९७८ मध्ये भारतातील आपला कारभार आवरला, तेव्हा तिची देशभर विखुरलेली यंत्रे चालती ठेवण्याचा प्रश्न उत्पन्न झाला. हे काम ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’ ह्या, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने अंगावर घेतले. नावाप्रमाणे तिचे काम देखभालीचे. दुसऱ्याने बांधलेली, निरनिराळ्या जातींची यंत्रे सांभाळता सांभाळता तिच्या अभियंत्यांना यंत्रे कोठे व का अडतात ह्याचे ज्ञान झाले. आणि १९८५-८६ मध्ये दिल्ली येथे रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची जी पद्धती सुरू झाली, ती ह्याच संस्थेने रचली. भुसावळसारख्या जंक्शनवर रांगेत उभे राहून ज्यांनी आरक्षण केले आहे, त्या सर्वांचा ह्या रचनेशी संबंध आला आहे. चालनातून रचनेकडे जाणारी वाट आपल्या देशात नवी नाही, हे ह्यावरून दिसते. ही संस्था २००१ मध्ये टाटा समूहाकडे आली आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली.

ह्याच संदर्भात जळगाव जिल्ह्यातील अमळनेरचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. डिसेंबर १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी अमळनेर येथे सुरू झाली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी ह्यांनी तिची सूत्रे घेतली, आणि आय. बी. एम. गेल्यावर निर्माण झालेल्या पोकळीत १९८० च्या सुमारास तिने संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले. आज ‘विप्रो’ ह्या नावाने जगास माहीत असलेली कंपनी ती हीच. चालनाच्या व्यवसायाचे स्वरूप किती लवकर पालटते ह्याचे प्रमाण हिच्याच इतिहासात मिळते. २००७ मध्ये विप्रोने अमेरिकेतील ‘इन्फोक्रॉसिंग’ ही, इतरांचे संगणक आपल्या केंद्रांत ठेवून चालविणारी कंपनी सुमारे ६० कोटी डॉलर देऊन घेतली. १९६० सालच्या अर्थाने हा ‘चालना’चा शुद्ध व्यवसाय होता. २०१८ मध्ये विप्रोने अशा केंद्रांचा आपला व्यवसाय ‘एन्सोनो’ कंपनीस सुमारे ४० कोटी डॉलरना विकण्याचा करार केला. मधल्या अकरा वर्षांत यंत्रे भाड्याने देणाऱ्या ‘क्लाउड’ सेवांनी सारे चित्र बदलले होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे, तर अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली होती. यंत्राजवळ बसून यंत्र सांभाळण्याचे काम आटले. दूर असलेली, दिसत नसलेली यंत्रे आज्ञावलीच्या साहाय्याने सांभाळण्याचे काम वाढले. जे चालक आज्ञावली लिहावयास शिकले होते ते ह्या पालटात तरले. ज्यांचे ज्ञान विशिष्ट यंत्राच्या कळींपुरते होते त्यांची गत तारबाबूसारखी होण्याचा धोका होता.

६

आता वर्तमानाकडे वळू. चालनाची गरज कमी होत आहे काय? अलीकडच्या घटना तसे सांगत नाहीत. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ ह्या शेअर-दलाली कंपनीने नवी आज्ञावली चढविली. आठ सर्व्हरांपैकी सातांवर ती गेली. आठवा नजरचुकीने जुनाच राहिला. त्या एका यंत्राने चुकीचे सौदे करीत राहून सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांच्या आसपास नुकसान केले, आणि पुढील वर्षी त्या कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपले. हातांनी केलेल्या कामातील ही चूक होती. बदल यंत्रवत् व सर्वत्र सारखा चढला पाहिजे, हा डेव्हऑप्सचा आग्रह किती योग्य आहे हे ती दाखविते. उलटपक्षी १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ कंपनीचा एक सदोष बदल स्वयंचलित मार्गाने जगभर पोहोचला आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. वाट जितकी वेगवान, तितका दोषही वेगाने पसरतो. बदल प्रथम थोड्यांवर चढवून पाहावा, मग सर्वांवर, हा विवेक माणसालाच करावा लागतो. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबलेले व्यवहार दुपारी पावणेचारला सुरू झाले. ह्या चार तासांत जे थांबले ते नुसते यंत्र नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

तेव्हा गरज आहे आणि ती वाढतीच आहे. तथापि गरज टिकेल म्हणून आजचे पद टिकेल असे नाही. ‘डेव्हऑप्स’ ह्या नावाचा बहर आता ओसरू लागला असून त्याच कामास काही ठिकाणी ‘प्लॅटफॉर्म इंजिनीअरिंग’, काही ठिकाणी ‘साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंग’ म्हणतात. ह्यांपैकी दुसरे नाव गूगल कंपनीत २००३ पासूनच चालत आले आहे. आज्ञावली लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी मांडणीच्या आज्ञा लिहिण्याचे श्रमही हलके केले आहेत. केवळ वाट बांधून देणाऱ्यावर, म्हणजे आपल्या जमाखर्चाच्या कारकुनावर, ह्याचा परिणाम प्रथम होईल. पाटकऱ्यावर तो तितका होणार नाही, कारण त्याची जबाबदारी पाण्याशी निगडित आहे.

दोन आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजेत. पहिला असा की ह्या कामात रात्रीची पाळी चुकत नाही. सेवा मध्यरात्री बंद पडली तर ज्याची पाळी असेल त्याने उठलेच पाहिजे. ज्यांच्या घरी रात्री-अपरात्री पाणीपाळी येते त्या शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांना हे नवे नाही. परंतु वीस वर्षे अशी झोप मोडण्यास प्रकृती व संसार तयार आहे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. नवख्यास हे काम सहसा मिळत नाही, आणि त्यास कारण आहे. चालत्या सेवेचा बिघाड शोधणाऱ्यास आज्ञावली, कार्यप्रणाली, जाळे, विदागार ह्या सर्व थरांत दोष कोठे असू शकेल हे ताडता यावे लागते. ही दृष्टी शिक्षणक्रमाच्या तीन महिन्यांत येत नाही. साधनांची नावे व प्रमाणपत्रे मात्र तीन महिन्यांत मिळतात. घोटाळा होतो तो येथेच.

७

ह्या सर्व विवेचनावरून मूळ प्रश्नाचे उत्तर पुढीलप्रमाणे देता येईल. चालत्या व्यवस्थेची जबाबदारी वाहणे हा व्यवसाय पत्करण्याजोगा आहे, आणि तो दीर्घायुषी आहे. परंतु आज ज्या साधनांच्या संचास ‘डेव्हऑप्स’ म्हणतात, तेवढ्याच्या भरवशावर व्यवसाय उभारू नये. विद्यार्थ्याने प्रथम एक आज्ञावली-भाषा नीट, लिनक्स कार्यप्रणाली नीट आणि जाळ्यांचे तत्त्व नीट शिकावे. दोन-तीन वर्षे रचनाकार म्हणून किंवा साध्या देखभालीच्या पदावर काढावीत. साधने त्या ओघात शिकली जातात. नोकरी स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. सेवा रात्री बंद पडली तर प्रथम कोणास बोलावतात, आणि त्या पाळीत रचनाकारही असतो काय? बिघाडाचे मूळ आज्ञावलीत सापडले तर ह्या पदावरील मनुष्यास ती दुरुस्त करण्याची मुभा आहे काय? बिघाडानंतर कारणांची लेखी चर्चा होते, की दोषी माणूस शोधला जातो? ह्यांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या ठिकाणी द्वंद्व जिवंत आहे की नाही हे कळून येते.

राहिला विद्यापीठांचा प्रश्न. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात, तसेच धुळे, शिरपूर, बांभोरी, फैजपूर येथील महाविद्यालयांतून दर वर्षी मोठ्या संख्येने तरुण ह्या क्षेत्रात जातात. आपल्याकडील संगणकशिक्षणाची सर्वसाधारण रीत अशी की आज्ञावली परीक्षकासमोर एकदा चालली म्हणजे गुण मिळतात; ती वर्षभर चालती ठेवण्यास गुण नाहीत. म्हणजे रचना शिकविली जाते आणि चालन नोकरीवर सोडले जाते. सहा दशकांपूर्वीची खिडकी आपल्या गुणपत्रिकेत अद्याप शाबूत आहे.

ह्यावर उपाय खर्चाचा नाही. पदव्युत्तर विभागाने एखादी लहान, परंतु खरोखर लोकांच्या उपयोगाची सेवा हाती घ्यावी. अहिराणी आणि लेवा बोलींचा शब्दसंग्रह ही अशी सेवा होऊ शकेल: शब्द, अर्थ, उच्चाराची ध्वनिमुद्रिका व गावाची नोंद. भाषेच्या विभागाने सामग्री द्यावी, संगणकाच्या विभागाने रचना करावी, आणि विद्यार्थ्यांनी आळीपाळीने पूर्ण एक वर्ष ती चालवावी. प्रत्येक बदल, प्रत्येक बिघाड आणि प्रत्येक दुरुस्ती ह्यांची वही ठेवावी, आणि ती वही पुढील तुकडीच्या स्वाधीन करावी. वीज गेली, जागा भरली, कोणी चुकीचा बदल चढविला, ह्या साऱ्यांतून जे शिक्षण होईल ते कोणत्याही प्रमाणपत्रात नाही. आणि अशी वही हाती घेऊन मुलाखतीस जाणारा विद्यार्थी पुण्यात किंवा बंगळुरात कोणासही आपले काम दाखवू शकेल. सेवेचा उपयोग बोलींच्या अभ्यासकांना होईल हा लाभ वेगळाच.

पदांची नावे दर दहा वर्षांनी बदलत आली आहेत व पुढेही बदलतील. ‘डेव्हऑप्स’ हे नाव उद्या लोपले तरी खेद करण्याचे कारण नाही. रचणाऱ्याने चालविण्याची आणि चालविणाऱ्याने रचण्याची जबाबदारी ओळखावी, हा जो आशय त्या नावाने २००९ मध्ये मांडला, तो पांझरेच्या काठी पूर्वीपासून परिचित होता. तेवढा आशय पदरी बांधून जो विद्यार्थी ह्या वाटेने जाईल, त्याची निवड चुकीची ठरणार नाही, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.